रूल इंजिन निवडताना आधी बघा, फॅक्ट काढून घेतली की काय होतं

क्लोजर किंवा हॅस्केलसारख्या फंक्शनल भाषेत काम करताना रूल इंजिन लागलं की चार-पाच पर्याय लगेच सापडतात, आणि मग सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, यातलं फास्ट कुठलं. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला असा पाहिजे की आपण इंजिनला एक माहिती दिली, तिच्यावरून त्याने दोन-चार निष्कर्ष काढले, आणि नंतर ती माहिती खरी राहिली नाही, तर त्या निष्कर्षांचं काय होतं? ते आपोआप जातात, तसेच पडून राहतात, का मुळात कुठे साठवलेलेच नसतात? प्रत्येक इंजिनचं उत्तर वेगळं आहे आणि तुमचा कोड कसा दिसणार, बग कुठे सापडणार, टेस्ट कशा लिहायच्या हे बऱ्यापैकी त्या उत्तरावरच ठरतं.

आधी थोडक्यात, रूल इंजिन म्हणजे काय. आपल्या प्रोग्रॅममध्ये "असं असेल तर तसं कर" अशा अटी असतात. दहा असतील तर इफ लिहून भागतं. दोनशे झाल्या आणि एकीचा निकाल दुसरीला लागायला लागला की कुठली अट कुठल्या आधी तपासायची हे सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसतं. रूल इंजिनमध्ये तुम्ही फक्त दोन गोष्टी देता, फॅक्ट्स म्हणजे आत्ता खरी असलेली माहिती, आणि रूल्स म्हणजे त्या अटी. कुठला रूल कधी लागू होतो, एकाच्या निकालावरून दुसरा कधी पेटतो, हे इंजिन बघतं.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ म्हणजे तुलना नीट होईल. बरेच सर्व्हर्स आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचंय. रूल तीन. पहिला, सर्व्हरचं तापमान ८० अंशांच्या वर गेलं तर तो 'गरम'. दुसरा, गरम सर्व्हरचा पंखा बंद असेल तर 'धोका'. तिसरा, धोक्यातल्या सर्व्हरवर एखादं काम चालू असेल तर ते काम 'हलवायचं'. आणि ७ नंबरच्या सर्व्हरबद्दल आपल्याकडे तीन फॅक्ट्स आहेत: तापमान ९१, पंखा बंद, बॅकअपचं काम चालू.

स्वतः लिहिलेलं इंजिन

सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं, कारण फंक्शनल भाषेत हे इतकं सोपं आहे की वीसेक ओळींत होतं, आणि पुढची सगळी इंजिन्स नेमकं काय वाचवायला बघतायत हे यातूनच कळतं.

फॅक्ट्सचा एक सेट घ्या. रूल म्हणजे एक साधं फंक्शन, जे तो सेट घेतं आणि त्यातून निघणाऱ्या नव्या फॅक्ट्स परत देतं. सगळे रूल्स एकदा चालवा, जे काही नवीन आलं ते सेटमध्ये घाला, परत सगळे रूल्स चालवा, आणि सेटमध्ये काहीच नवीन येईनासं झालं की थांबा. याला फिक्स्ड पॉइंट म्हणतात. आपल्या उदाहरणात पहिल्या फेरीत '७ गरम' येतं, दुसरा रूल तेव्हा गप्प असतो कारण त्याला हवं असलेलं 'गरम' अजून सेटमध्ये नव्हतं. दुसऱ्या फेरीत '७ धोका'. तिसऱ्या फेरीत 'बॅकअप हलवायचा'. चौथ्या फेरीत तोच सेट परत येतो आणि काम संपतं. रूल्स कुठल्या क्रमाने लिहिले याने शेवटच्या सेटमध्ये काही फरक पडत नाही, फेऱ्याही तेवढ्याच लागतात.

आता तापमान ६२ वर आलं. काय करायचं? काहीच नाही! निष्कर्ष आपण कुठे ठेवलेलेच नाहीत, मूळ तीन फॅक्ट्स वेगळ्या आहेत, त्यातली तापमानाची बदलायची आणि फंक्शन परत चालवायचं. निष्कर्ष म्हणजे मूळ फॅक्ट्सवर चालवलेलं एक शुद्ध फंक्शन, म्हणजे तेच दिलं की तेच उत्तर देणारं आणि बाहेरचं काही न बदलणारं, बस. जुना निष्कर्ष चुकून मागे राहण्याची शक्यताच नाही.

अडचण एकच, वेळ. एखाद्या रूलमध्ये तीन अटी असतील आणि फॅक्ट्स १००० असतील, तर काहीही डोकं न लावता तीन-तीनच्या जोड्या तपासायच्या म्हटलं की १०० कोटी जोड्या होतात. आणि हे प्रत्येक फेरीत, प्रत्येक बदलाला, बदल एका सर्व्हरच्या एका आकड्याचा असला तरी. सर्व्हरच्या नंबरावरून इंडेक्स ठेवला तर आकडा खूप खाली येतो, आणि प्रत्येक फेरीत फक्त मागच्या फेरीत नव्याने आलेल्या फॅक्ट्सकडेच बघितलं, ज्याला सेमी-नाइव्ह पद्धत म्हणतात, तर अजून खाली येतो. शेकड्यांमध्ये फॅक्ट्स असतील आणि बदल अधूनमधून होत असेल तर इथेच थांबावं, पुढचं काही लागत नाही.

निगेशनचं मात्र आधीच सांगून ठेवतो. "अमुक फॅक्ट नसेल तर" असा रूल आला की वरची क्रमाची बेफिकिरी संपते, कारण ती फॅक्ट आत्ता नाहीये पण पुढच्या फेरीत येऊ शकते. डेटालॉग, म्हणजे रूल्स लिहून डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तिच्यावाल्यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे रूल्सचे थर पाडायचे, खालच्या थरातलं सगळं काढून संपल्याशिवाय वरच्या थरातल्या "नसेल तर"ला हात लावायचा नाही. स्वतःच्या इंजिनमध्येही हेच करता येतं, रूल्सची एक यादी ठेवण्याऐवजी याद्यांची यादी ठेवायची.

रीटी काय वाचवतं

दरवेळी सगळं पहिल्यापासून करायचं टाळण्यासाठी जो अल्गोरिदम सगळ्यात जास्त चालला तो रीटी. चार्ल्स फोर्जी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात तो मांडला, १९७९ ला त्यावर त्यांची पीएचडी झाली आणि १९८२ मध्ये त्याच्यावरचा गाजलेला पेपर आला. त्यावर उभी असलेली ओपीएस-५ ही भाषा वापरून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये व्हॅक्स कॉम्प्युटरच्या ऑर्डरमध्ये कुठले भाग लागतील हे ठरवणारी एक्सकॉन नावाची सिस्टीम चालली, नंतर नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये १९८५ च्या सुमारास क्लिप्स हे रूल इंजिन आलं, आणि जावाच्या जगात ड्रूल्स.

रीटीची कल्पना अशी की रूल्सचं एक जाळं बनवायचं आणि अर्धवट जुळलेल्या गोष्टी त्या जाळ्यात जागोजागी लक्षात ठेवायच्या. आपल्या दुसऱ्या रूलचं जाळं डोळ्यासमोर आणा. एका बाजूला एक कप्पा, त्यात फक्त 'गरम' फॅक्ट्स. दुसऱ्या बाजूला कप्पा, त्यात फक्त 'पंखा बंद' फॅक्ट्स. या दोघांना अल्फा मेमरी म्हणतात. मध्ये एक जोडणी, जी सर्व्हरचा नंबर सारखा आहे का बघते आणि जुळलेल्या जोड्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे बीटा मेमरीत टाकते. आता '७ गरम' ही नवी फॅक्ट आली की ती फक्त तिच्या कप्प्यात जाते, समोरच्या कप्प्यात ७ नंबरचा पंखा आहे का एवढंच बघितलं जातं, आणि असेल तर जोडी पुढे सरकते. बाकीच्या ९९९ फॅक्ट्सना कोणी विचारतही नाही. एक्सेल शीटमध्ये एक सेल बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सेलच परत मोजले जातात, तसलाच प्रकार.

पण नीट बघितलं तर आपण एक मोठी गोष्ट स्वीकारली. स्वतःच्या इंजिनमध्ये निष्कर्ष कुठेच साठवले नव्हते, इथे अर्धे-मुर्धे निष्कर्षसुद्धा साठवले. जे साठवलं ते शिळं होऊ शकतं. म्हणून फॅक्ट काढून घेतल्यावर काय, हा प्रश्न रीटीपासून खरा सुरू होतो. शिवाय फंक्शनल भाषेत अजून एक पेच आहे, व्हॅल्यू बदलत नाही हा तिथला पाया, आणि रीटी म्हणजे सतत बदलणाऱ्या कप्प्यांचं जाळं. हे दोन कसे जुळवले, इथे इंजिन्सचे रस्ते वेगळे होतात.

क्लारा

क्लारा ही क्लोजरमधली रीटीवर आधारलेली लायब्ररी. फॅक्ट म्हणजे साधा क्लोजर रेकॉर्ड किंवा जावा ऑब्जेक्ट, रूल लिहायला डेफरूल नावाचा मॅक्रो (म्हणजे लिहिलेल्या कोडवरून दुसरा कोड बनवणारी सोय), डाव्या बाजूला अटी, मग एक बाण, मग काय करायचं ते. प्रश्न विचारायला डेफक्वेरी. हे सगळं मिळून एक सेशन बनतं, आणि सेशन ही व्हॅल्यू आहे. तुम्ही सेशनमध्ये फॅक्ट घातली की जुनं सेशन जसंच्या तसं राहतं आणि हातात नवीन सेशन येतं. ऐकायला हे खर्चिक वाटतं, पण क्लोजरच्या मॅप आणि व्हेक्टर मुळातच ३२ फांद्यांच्या झाडासारखे रचलेले असतात, नवी प्रत करताना बदललेल्या वाटेवरचे तुकडेच नवे होतात, बाकी झाड दोघांत सामाईक राहतं. आणि रूल्स चालू असताना आतल्या आत क्लारा तात्पुरती बदलणारी मेमरी वापरते, काम झालं की तिला परत न बदलणारी करून तुमच्या हातात देते. म्हणजे बाहेरून शुद्ध, आतून व्यवहारी, आणि मला हा तोडगा फार आवडतो.

याचा खरा फायदा "असं झालं तर काय" बघताना होतो. आत्ताचं सेशन घ्या, त्यातून एकात ७ नंबरचा पंखा चालू केलेला, दुसऱ्यात काम हलवलेलं, अशी दोन सेशन्स काढा, दोन्हीत रूल्स चालवा, निकाल शेजारी ठेवून बघा. मूळ सेशनला धक्का लागलेला नाही, लॉक नाही, नंतर पूर्ववत करण्याची कटकट नाही.

आता आपला मुख्य प्रश्न. तापमान ९१ होतं, क्लाराने गरम, धोका, हलवायचं असे तिन्ही निष्कर्ष काढले. तुम्ही ९१ ची फॅक्ट रिट्रॅक्ट केली, म्हणजे काढून घेतली, आणि परत रूल्स चालवले. 'गरम' ज्या जुळणीवर उभं होतं ती गेली, म्हणून क्लारा 'गरम' स्वतःच काढते, ते गेलं म्हणून 'धोका' जातो, तो गेला म्हणून 'हलवायचं' जातं. तुम्ही एकही ओळ लिहिलेली नाही. याला ट्रूथ मेंटेनन्स म्हणतात, जॉन डॉयल यांचा १९७९ चा पेपर या विषयातला पायाचा. क्लारात रूलच्या उजव्या बाजूला फॅक्ट घालायचं नेहमीचं इन्सर्ट वापरलं की हे आपोआप मिळतं, नको असेल तर त्यासाठी वेगळं, नावातच 'अनकंडिशनल' असलेलं इन्सर्ट आहे, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच दिसतं की इथे लिहिणाऱ्याने मुद्दाम ही सोय सोडली आहे.

एक बारीक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. समजा चौथा रूल आला, सर्व्हरजवळ धूर दिसला तरी 'धोका'. आता ७ नंबरचा धोका दोन कारणांनी खरा आहे. क्लाराच्या मेमरीत एकसारख्या फॅक्ट्स एकापेक्षा जास्त वेळा राहू शकतात, म्हणून प्रत्येक रूलने घातलेली आपापली 'धोका' फॅक्ट असते. तापमान उतरलं तर एक जाते, धुराची राहते, आणि धोका योग्यच राहतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की तापमानाची नवी फॅक्ट घातली आणि जुनी काढायला विसरलात तर ९१ आणि ६२ दोन्ही खऱ्या म्हणून आत बसतात, आणि इंजिन तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र फॅक्ट्स आहेत. क्लारात अपडेट नाही, काढणं आणि घालणं एवढंच आहे. बाहेरून डेटा आणणाऱ्या कोडमध्ये ही जोडी एका फंक्शनमध्ये बांधून टाकावी आणि सुट्टं इन्सर्ट कोणाला वापरू देऊ नये.

आणि दुसरा सापळा, ज्यात नवीन माणूस हमखास अडकतो. "७ नंबरसाठी डिफॉल्ट सेटिंग नसेल तर डिफॉल्ट सेटिंग घाल" असा रूल अगदी निरागस दिसतो ना? सेटिंग नाही, म्हणून रूल लागतो आणि सेटिंग घालतो. आता सेटिंग आहे, म्हणजे "नसेल तर" ही अट खोटी झाली, म्हणजे रूलचा आधार गेला, म्हणजे ट्रूथ मेंटेनन्स ती सेटिंग काढून घेतं. आता सेटिंग नाही, म्हणून रूल लागतो... हे कधीच थांबत नाही. यात इंजिनची चूक नाही, रूलच स्वतःला खोटं ठरवतोय. उपाय असा की माणसाने दिलेल्या सेटिंगचा एक प्रकार आणि शेवटी लागू होणाऱ्या सेटिंगचा दुसरा प्रकार ठेवायचा, दिलेली नसेल तर लागू होणारी घाल, असं लिहिलं की चक्र तुटतं. वर डेटालॉगचे थर म्हटले ते हेच, फक्त हाताने पाडलेले.

ओडॉयल रूल्स

ही पण क्लोजरमधलीच, हीसुद्धा रीटीवरच, पण वृत्ती एकदम वेगळी. इथे रेकॉर्ड नाहीत, प्रत्येक फॅक्ट तीन तुकड्यांची, कोण, काय, किती: ७, तापमान, ९१. आणि एकाच 'कोण-काय'ला एकच किंमत. ६२ घातलं की ९१ आपोआप गेलं, त्यामुळे क्लारातला दोन तापमानांचा घोळ इथे होऊच शकत नाही. रूलमध्ये तीन-चार कप्पे असतात, कुठल्या फॅक्ट्स हव्यात, कुठली अट, मग काय करायचं, आणि सगळ्या जुळण्या बदलून झाल्यावर शेवटी एकदा काय करायचं. गेम किंवा स्क्रीनवर सतत हलणाऱ्या गोष्टी, म्हणजे जिथे त्याच त्या किमती सेकंदाला कितीतरी वेळा बदलतात, तिथे ही रचना चपखल बसते.

पण ट्रूथ मेंटेनन्स इथे नाही. ९१ वरून '७, गरम, हो' ही फॅक्ट रूलने घातली, आणि तापमान ६२ झालं. पहिल्या रूलची जुळणी गेली, पण त्याने घातलेलं 'गरम, हो' तसंच बसून राहतं आणि दुसरा रूल त्यावर विश्वास ठेवून धोका सांगत राहतो. क्लाराची सवय असलेला माणूस इथे नक्की फसेल. ओडॉयलमध्ये रूल लिहायची रीतच वेगळी ठेवावी लागते. "८० च्या वर असेल तर गरम घाल" असं न लिहिता "तापमान कितीही असो, ते ८० च्या वर आहे का याचं उत्तर 'गरम'मध्ये लिही" असं लिहायचं. मग प्रत्येक तापमानाला 'हो' किंवा 'नाही' नव्याने लिहिलं जातं, जुनं उत्तर पुसलं जातं, आणि शिळं काही राहत नाही. आणि धोक्यातल्या सगळ्या सर्व्हर्सची यादी हवी असेल तर ती शेवटच्या कप्प्यात, सगळ्या जुळण्या घेऊन, एकच फॅक्ट म्हणून साठवायची, तो कप्पा जुळणी गेल्यावरही चालतो म्हणून यादी ताजी राहते.

इथला ठरलेला सापळा म्हणजे रूलने स्वतःलाच पेटवणं. मोजणी वाचून त्यात एक मिळवून परत तिथेच लिहिणारा रूल घ्या, लिहिलं की फॅक्ट बदलली, बदलली की रूल परत लागला. यासाठी त्या फॅक्टच्या पुढे 'हिच्या बदलाने पेटू नको' असं सांगायची सोय आहे, आणि नाहीच सांगितलं तर इंजिन ठरावीक खोलीनंतर, जी सुरुवातीला १६ असते, थांबतं आणि कुठला रूल कोणाला पेटवत होता हे एररमध्ये दाखवतं. चांगल्या एररची किंमत रात्री उशिरा बग शोधताना कळते, म्हणून ही गोष्ट मी तुलनेत वरच्या बाजूला धरतो. अजून एक, सेशनमधल्या सगळ्या फॅक्ट्स साध्या तीन तुकड्यांच्या यादीत बाहेर काढता येतात, डिस्कवर लिहिता येतात, परत नव्या सेशनमध्ये घालता येतात. क्लारातही सेशन साठवायची सोय आहे पण तिथे ते काम इतकं सरळ नाही.

डेटास्क्रिप्ट, आणि उलट दिशेने विचार

डेटास्क्रिप्टला कोणी रूल इंजिन म्हणत नाही, ती मेमरीत राहणारी छोटी डेटाबेस आहे, पण तिची क्वेरीची भाषा डेटालॉग आहे आणि डेटालॉगमध्ये रूल्स असतात, स्वतःलाच बोलावणारेसुद्धा. त्यामुळे "हा सर्व्हर ज्याच्यावर अवलंबून, तो ज्याच्यावर अवलंबून, अशा साखळीत कुठे धोका आहे का" हे दोन ओळींच्या रूलमध्ये बसतं, आणि साखळी गोल फिरून परत तिथेच आली तरी क्वेरी अडकत नाही.

निष्कर्ष इथे साठवलेच जात नाहीत, विचारलं की त्या क्षणी काढले जातात. म्हणजे स्वतः लिहिलेल्या इंजिनसारखंच, तापमान ६२ झालं की पुढच्या क्वेरीत धोका नाही, विषय संपला. किंमत अर्थातच ही की प्रत्येक वेळी नव्याने काढावं लागतं, निष्कर्ष बदलला तर कोणी आपणहून सांगायला येत नाही. आणि क्वेरीतल्या अटी ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने चालतात, म्हणून जिच्यात कमी फॅक्ट्स जुळतात ती अट आधी लिहिली तर खूप फरक पडतो. दिवसभरात फॅक्ट्स सतत बदलतात पण निष्कर्ष कधीतरीच लागतो, अशा कामाला हे रीटीपेक्षा चांगलं, कारण रीटी प्रत्येक बदलाला मेहनत करत बसतं, कोणी विचारो न विचारो.

कोअर लॉजिक या क्लोजरच्या लायब्ररीचं नाव या यादीत नेहमी येतं, पण ती वेगळ्या कामाची आहे. मिनीकॅनरेन या लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या छोट्या भाषेच्या घराण्यातली, "या अटी पाळणारी उत्तरं शोध" अशा प्रश्नांसाठी. कुठलं काम कुठल्या सर्व्हरवर ठेवलं तर कुठेच धोका होणार नाही, असा प्रश्न असेल तर जरूर घ्या. फॅक्ट्स येत-जात राहणार आणि त्यावर प्रतिक्रिया द्यायची, यासाठी नको.

रूल फंक्शन म्हणून लिहायचा का डेटा म्हणून

हॅस्केलसारख्या भाषेत स्वतः इंजिन लिहिताना हा निर्णय सगळ्यात आधी येतो. रूल म्हणजे फॅक्ट्स घेणारं फंक्शन असं ठेवलं तर लिहायला मोकळं, टाइप चेकर पाठीशी, पण फंक्शनच्या आत डोकावता येत नाही. हा रूल कुठल्या फॅक्ट्स वाचतो, कशामुळे लागला नाही, हे विचारायची सोय नाही. उलट अटींसाठी एक डेटा टाइप केला, म्हणजे 'च्या वर', 'बरोबर', 'आणि', 'नाही' अशा प्रकारांचा, तर त्याच रूलवरून चालवणारं एक फंक्शन, माणसाला वाचायला वाक्य बनवणारं दुसरं, आणि कुठल्या फॅक्ट्सवर अवलंबून आहे ते काढणारं तिसरं, अशी वेगवेगळी फंक्शन्स लिहिता येतात. "तिसरा रूल का लागला नाही" याचं उत्तर कोणीतरी कधीतरी मागणारच, आणि नेमकं तेव्हा फंक्शनवाला माणूस हात वर करतो. म्हणून थोडं जास्त टायपिंग झालं तरी मी डेटाच्या बाजूचा. क्लोजरमध्ये मॅक्रोमुळे हा वाद थोडा सौम्य होतो, क्लाराचा रूल दिसतो कोडसारखा पण मॅक्रो त्याचा डेटा करून ठेवतो, त्यामुळे कुठला रूल कशामुळे लागला हे दाखवणारी साधनं त्यावर बांधता आली आहेत.

ईमेल परत बोलावता येत नाही

कुठलंही इंजिन घ्या, रूलच्या उजव्या बाजूला बाहेरच्या जगाला हात लावू नका. क्लारात 'धोका' दिसला की तिथेच ईमेल पाठवणारा रूल लिहिला, तर पुढच्या क्षणी तापमान उतरल्यावर क्लारा 'धोका' काढून घेईल, पण ईमेल गेला तो गेला. शिवाय रूल्स चालू असताना मधल्या अवस्थेत एखादा निष्कर्ष क्षणभर खरा होऊन लगेच मागे घेतला जाऊ शकतो, विशेषतः "नसेल तर"वाल्या रूल्समध्ये, आणि त्या क्षणावर ईमेल जाऊ शकतो. म्हणून रूलने फक्त 'कळवायचं आहे' अशी फॅक्ट घालावी. सगळे रूल्स चालून सेशन शांत झाल्यावर क्वेरीने त्या फॅक्ट्स बाहेर काढा, मागच्या वेळच्या सेटशी ताडून बघा, नवीन आलेल्यांचे ईमेल पाठवा, गेलेल्यांसाठी 'आता ठीक आहे' पाठवा. दोन सेटची वजाबाकी, इतकंच कोड लागतं, आणि इंजिन उद्या बदललं तरी हा भाग तसाच राहतो.

निवड करायच्या आधी टेस्ट

बेंचमार्क चालवण्याआधी एक टेस्ट जरूर लिहा, प्रॉपर्टी टेस्ट. हॅस्केलच्या क्विकचेकपासून, म्हणजे २००० पासून, ही पद्धत फंक्शनल जगात रुळलेली आहे, क्लोजरमध्ये त्यासाठी टेस्ट-चेक आहे. त्यात यादृच्छिक क्रमाने फॅक्ट्स घालणं आणि काढणं अशा कृतींची यादी बनवायची, तीच यादी एकदा तुमच्या निवडलेल्या इंजिनवर चालवायची, आणि दुसरीकडे शेवटी उरलेल्या मूळ फॅक्ट्स घेऊन ते वीस ओळींचं स्वतः लिहिलेलं फिक्स्ड पॉइंटचं इंजिन चालवायचं. दोन्हीकडचे निष्कर्ष सेट म्हणून सारखे आले पाहिजेत. ओडॉयलमध्ये कुठे शिळं 'गरम' राहत असेल, क्लारात कुठे जुनं तापमान काढायचं राहिलं असेल, तर ही टेस्ट ते पकडते आणि यादी छोटी करत करत "९१ घाल, ६२ घाल" अशा दोन पायऱ्यांवर आणून ठेवते. "नसेल तर"वाले रूल्स असतील तर छोट्या इंजिनमध्ये थर पाडायला विसरू नका, नाहीतर टेस्ट चुकीच्या बाजूला दोष देईल. आणि कृतींच्या यादीत तीच फॅक्ट दोनदा घालून एकदाच काढणं हे मुद्दाम असू द्या: सेटमध्ये ती पूर्ण जाते, क्लारात एक प्रत उरते, आणि तुम्हाला त्यातलं कुठलं हवंय हे इंजिन निवडायच्या आधीच ठरवावं लागतं.